गमतीचा ऐवज

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच यंत्र होतं. पिणारे मात्र पुष्कळ, आणि त्यांतले काही वेगळ्या मजल्यांवर बसणारे. काम सोडून, जिने चढून-उतरून यावं तर भांडं रिकामं! १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी यावर उपाय काढला. भांड्याकडे रोखलेला एक कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. चित्र काळंपांढरं, १२८ बाय १२८ बिंदूंचं, मिनिटाला तीनदा बदलणारं. भांडं भरायला लागणारा वेळ पाहता एवढं पुरेसं होतं.

१९९३ साली ब्राउझरमध्ये मजकुराच्या जोडीनं चित्रं दिसू लागली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हे भांडं वेबवर आलं. जगातला पहिला वेबकॅम तो हाच, असं मानलं जातं. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार म्हणून २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. भांड्याचा लिलाव झाला आणि 'श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाच्या ऑनलाइन आवृत्तीनं ते ३,३५० पौंडांना घेतलं.

वेबवरच्या गमती म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं समजणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. आज घराघरांत जी व्हिडिओ कॉलची सोय आहे, तिच्या पूर्वजांमध्ये कॉफीचं हे भांडं मोडतं.

कॉफीचा संबंध इथंच संपत नाही. इंटरनेटचे नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात आणि १ एप्रिलला त्यांत एखादा थट्टेचा दस्तऐवज घालण्याची जुनी प्रथा आहे. लॅरी मासिंटर यांनी १९९८ च्या १ एप्रिलला कॉफीची यंत्रं नेटवरून चालवण्याची नियमावली प्रसिद्ध केली. चहाच्या किटलीला कुणी कॉफी करायला सांगितलं, तर तिनं ४१८ हा संकेतांक द्यावा, म्हणजे 'मी किटली आहे' असं कळवावं, हे त्यातलं गाजलेलं कलम. पान सापडलं नाही की दिसणारा ४०४ सगळ्यांना ठाऊक आहे. ४१८ त्याच कुळातला. थट्टेमागे टीकाही होती. वेबचे मूळ नियम लोक भलत्याच कामांसाठी ताणत होते, ते मासिंटर यांना दाखवायचं होतं. पुढे अनेक सॉफ्टवेअरांत ४१८ खरोखरच शिरला. २०१७ साली तो काढून टाकण्याची सूचना आली, तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलानं त्याच्या बचावाची मोहीम उघडली. २०२२ च्या अधिकृत नियमांत हा आकडा राखीव ठेवलेला आहे.

माझी सर्वांत आवडती गंमत कबुतरांची. १९९० च्या १ एप्रिलला डेव्हिड वेट्झमन यांनी कबुतरांकरवी नेटवरची माहिती पाठवण्याची पद्धत मांडली. एप्रिल २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या लिनक्सप्रेमींनी ती करूनच पाहिली. माहितीचं पाकीट कागदावर छापायचं, गुंडाळी कबुतराच्या पायाला बांधायची, पलीकडच्यानं ती सोडवून संगणकाला वाचायला द्यायची. नऊ पाकिटं पाठवली, चार उत्तरं परत आली. सर्वांत लवकर आलेल्या उत्तरालाही सुमारे ५४ मिनिटं लागली. माहिती तारेतून जाते, हवेतून की पंखांवरून, याच्याशी इंटरनेटला देणंघेणं नाही. पाकीट पोचलं म्हणजे झालं. हे मूलतत्त्व इतक्या लख्खपणे सांगणारं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

हे सारं टिकलं, कारण कुणीतरी ते जपलं. सगळ्याच गोष्टींच्या वाट्याला हे येत नाही. अॅलेक्स ट्यू या इंग्लंडमधल्या २१ वर्षांच्या तरुणानं २००५ साली एकाच पानावरचे दहा लाख बिंदू एकेका डॉलरला जाहिरातींसाठी विकायला काढले आणि काही महिन्यांत ते सगळे खपले. ते पान आजही दिसतं, पण त्यावरून जाणाऱ्या वाटा बुजत चालल्या आहेत. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये पाहिलं, तेव्हा तिथल्या २,८१६ दुव्यांपैकी ५४७ पूर्ण मेलेले होते. लोकांनी हौसेनं घरची पानं मांडलेली 'जिओसिटीज' ही सेवा 'याहू' कंपनीनं २००९ मध्ये बंद केली. 'आर्काइव्ह टीम'च्या स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढी उतरवून घेतली. स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी हसऱ्या चेहऱ्याची खूण सुचवली. तो मूळ संदेश २००२ मध्ये जुन्या टेपा उकरून शोधावा लागला. वेब जिथं जन्मलं त्या 'सर्न' या संशोधन संस्थेलाही वेबचं पहिलं पान २०१३ मध्ये पुन्हा मांडताना १९९२ ची प्रत वापरावी लागली.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतपद्धती रुळण्याआधीची मराठी पानं शिवाजी, किरण अशा फॉन्टांत टाइप केलेली असत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले होते. तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणजे पान वाचलं तरी मजकूर वाचता येत नाही. परदेशातल्या मराठी माणसांनी, इथल्या हौशी विद्यार्थ्यांनी त्या काळात लिहिलेले विनोद, विडंबनं, पाककृती त्यात अडकून आहेत. आताच्या गमतीही सुरक्षित नाहीत. व्हॉट्सअॅपवर पुढं ढकलला जाणारा विनोद कुणाचा, कधीचा, याची नोंदच कुठं होत नाही.

उपाय मोठे नाहीत. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये कोणत्याही खुल्या पानाचा पत्ता देऊन त्याची प्रत फुकट जमा करता येते. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनंही उपलब्ध आहेत. तुमच्या कपाटातल्या जुन्या सीडीवर, बंद पडत आलेल्या संगणकावर असं काही मराठी असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत ते बाहेर काढा, युनिकोडमध्ये आणा, लेखकाच्या नावासह, तारखेसह एखाद्या खुल्या पानावर ठेवा आणि त्या पानाची प्रत तिथं जमा करा.