वेसावकरांच्या कॅसेटी जपा!

अर्नाळ्यात हळदीचा मांडव पडला की स्पीकरवर 'वेसावकर आणि मंडळी' हवेतच. वेसावे म्हणजे वर्सोवा. तिथल्या काशीराम चिंचय यांच्या या मंडळींनी 'वेसावची पारू' अख्ख्या किनाऱ्याच्या घराघरांत पोचवली.

'मी डोलकर' मलाही जीव की प्राण. शान्ता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई आणि हेमंतकुमारांचे आवाज! पण तो दर्या कवयित्रीच्या नजरेतला. वेसावकरांचं गाणं कोळीवाड्याच्या आतून येतं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, ही तर हळदीच्या गाण्यांचीच रीत. एकदा हेडफोन लावून नुसता कोरस ऐका, मांडवात बसल्यासारखं वाटेल. आमच्याकडे मांगेली, वैती अशा बोली निराळ्या, तरी ठेका लागला की पाय थांबत नाहीत.

एक कळकळीची विनंती. घरात जुन्या कॅसेटी असतील तर भंगारात देऊ नका. खाऱ्या, दमट हवेत फितीला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्याआधीच त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आणि डबीतल्या कागदाचा फोटो जरूर काढा. ढोलकी कुणाची, साथीला कोण, हे बहुतेकदा तिथेच छापलेलं असतं.