साठलेली झोप: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

कसारा किंवा कर्जतहून पहाटेची लोकल पकडून मुंबईत कामाला येणाऱ्या अनेकांना रात्री जेमतेम पाच तास झोप मिळते. रात्रपाळीच्या परिचारिका, तान्ह्या बाळांच्या आया, स्पर्धा परीक्षेची मुलं यांचीही तीच गत. ‘एक दिवस मिळाला की झोपून घेऊ’ असं म्हणत हे सगळे दिवस ढकलतात. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असं झोपेच्या तज्ज्ञांचं मत आहे. तेवढी मिळाली नाही की रोजची तूट साठत जाते. या तुटीबद्दलचे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत, कारण त्यांची किंमत तब्येतीने, आणि कधी कधी जिवानेही, मोजावी लागते.

गैरसमज १: ‘मला पाच-सहा तास पुरतात, सवय झाली आहे.’

वस्तुस्थिती: सवय होते ती पेंगुळलेपणाची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 48 निरोगी प्रौढांवर झालेला प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना 14 दिवस रोज फक्त चार किंवा सहा तास झोपू दिलं. चाचणी साधी होती: पडद्यावर खूण दिसली की लगेच बटण दाबायचं. दिवसागणिक त्यांच्या चुका वाढतच गेल्या. दोन आठवड्यांनंतर त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. ‘किती झोप येते आहे?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललं नाही. आपण ठीकच आहोत, असं त्यांना वाटत राहिलं. जनुकीय वेगळेपणामुळे खरोखरच कमी झोपेवर भागणारी माणसं असतात, पण फार थोडी.

गैरसमज २: ‘रविवारी दुपारपर्यंत झोपलं की सगळं भरून निघतं.’

वस्तुस्थिती: थोडी तरतरी येते, पण हिशेब मिटत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 2019 मधल्या प्रयोगात काहींना आठवडाभर पाच तास आणि शनिवार-रविवारी हवी तेवढी झोप दिली. पुन्हा पाच तासांवर येताच रात्रीच्या जेवणानंतरचं त्यांचं खाणं वाढलं आणि इन्सुलिनला शरीराची साथही नीट मिळेना. शिवाय रविवारी अकराला उठलं की रात्री वेळेवर झोप लागत नाही आणि सोमवारची सुरुवातच अपुऱ्या झोपेने होते.

गैरसमज ३: ‘बुडालेला प्रत्येक तास परत झोपावा लागतो, म्हणजे आता काही उपाय नाही.’

वस्तुस्थिती: इतकं निराश व्हायचं कारण नाही. रँडी गार्डनर हा अमेरिकेतला शाळकरी मुलगा विज्ञान प्रकल्पासाठी 264 तास, म्हणजे सलग 11 दिवस जागा राहिला. जानेवारी 1964 मध्ये हा प्रयोग संपल्यावर पहिल्या खेपेला तो सुमारे 14 तास झोपला. सगळे बुडालेले तास काही त्याने भरून काढले नाहीत. झोप तुटली की शरीर आधी गाढ झोपेची तूट भरतं, म्हणजे तासांबरोबर झोपेची प्रतही बदलते. मात्र आठवड्याभराच्या अपुऱ्या झोपेनंतर तीन रात्री आठ-आठ तास झोप देऊनही कामगिरी पूर्ववत झाली नव्हती, असंही एका प्रयोगात दिसलं आहे. सुधारणा होते, पण तिला वेळ द्यावा लागतो.

गैरसमज ४: ‘कडक चहा किंवा कॉफी घेतली की झोप उडते.’

वस्तुस्थिती: आपण जागे असेपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि डोळे जड होतात. कॅफीन या रसायनाच्या जागा अडवतं, ते काढून टाकत नाही. असर ओसरला की झोप पुन्हा चाल करून येते. निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळचा कप रात्रीच्या झोपेच्या मुळावर उठतो.

गैरसमज ५: ‘गाडी चालवताना डुलकी आली तर काच खाली करू, गाणी लावू.’

वस्तुस्थिती: काही सेकंदांची डुलकी कधी लागली हे चालकाला कळतही नाही. समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत 130 मीटरहून जास्त अंतर कापते, आणि तेवढा वेळ ती कुणाच्याच ताब्यात नसते. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची सावधता 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असल्याइतकी मंदावते, असं 1997 च्या अभ्यासात आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. पेंग आली की सुरक्षित जागी गाडी थांबवून झोपणं किंवा दुसऱ्याच्या हाती चाक देणं, हाच उपाय.

गैरसमज ६: ‘दुपारची झोप म्हणजे आळस.’

वस्तुस्थिती: दुपारी तीनच्या आत घेतलेली वीसेक मिनिटांची वामकुक्षी डोकं ताजं करते. तासभर ताणली तर गाढ झोपेतून उठताना जडपणा येतो आणि रात्रीची झोपही उशिरा लागते. वामकुक्षीने आधार मिळतो, रात्रीच्या झोपेची जागा मात्र ती भरून काढत नाही.

मग भरून कसं काढायचं?

उठण्याची वेळ बांधून घ्या आणि सुट्टीच्या दिवशीही ती तासाभराहून जास्त हलवू नका. झोपायची वेळ अर्ध्या-एक तासाने अलीकडे आणा आणि निदान दोन-तीन आठवडे पाळा. सकाळी उजेडात थोडं चाला. दारू घेतल्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. रात्रपाळीवाल्यांनी दिवसा खोलीत काळोख करावा, फोन बंद ठेवावा. त्यांची दिवसाची झोप मोडायची नाही, हे घरच्यांनीही कटाक्षाने पाळावं. कुणी पाव्हणं आलं म्हणून रात्रपाळीहून आलेल्या सुनेला उठवणं थांबायला हवं.

सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, घोरताना श्वास अडकत असेल, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही असं तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका.

झोप कमी पडली की आपली झोप कमी पडते आहे हे ओळखायची शक्तीच आधी बोथट होते. म्हणून ‘मला काही होत नाही’ या भावनेवर विसंबू नका. रोज किती वाजता झोपलो आणि किती वाजता उठलो, हे आठवडाभर वहीत लिहा. निर्णय त्या आकड्यांवरून घ्या.