डोळे धावतात, कान बसून राहतात

सेलूहून हिंगणीमार्गे बोर धरणाकडे जाताना गाडीत मोबाइलमध्ये डोकं खुपसलं, की अनेकांना मळमळतं. कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो, शरीर हलतंय; डोळे म्हणतात, पडदा तर स्थिर आहे. व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचा हेडसेट घालून पहिल्यांदाच खेळणाऱ्याची गत नेमकी उलटी. डोळ्यांपुढे रोलर कोस्टर सुसाट उतरतोय, आपण मात्र प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मेंदूला हा बेबनाव सोसत नाही. दरदरून घाम सुटतो.

हेडसेटमधला खोलीचा भास ही तशी जुनीच करामत. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवणारा स्टिरिओस्कोप चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये जगापुढे मांडला. खरं अवघड काम मान वळताक्षणी चित्रही वळवण्याचं. आयव्हन सदरलंडनं १९६८ मध्ये ते साधलं, पण यंत्र इतकं जड की छताला टांगावं लागे! आजचे बरेच हेडसेट सेकंदाला ९० चित्रं दाखवतात. मान वळणं आणि चित्र बदलणं यांत २० मिलिसेकंदांहून फार जास्त वेळ गेला, की भास फिसकटू लागतो.

चित्र वेळेत वळलं, तरी डोळे-कानांचा बेबनाव उरतोच; म्हणून पहिल्या खेपेला शर्यतीचा खेळ नकोच, दुकानदार कितीही आग्रह करो. जागेवर उभं राहून ठोकळे कापायचा ‘बीट सेबर’ बरा. तिथे हात हलताना दिसतात, ते खरेच हलत असतात. भिंगांमधलं अंतर आपल्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवून घ्यावं. मोठ्या माणसात ते सरासरी ६३ मिलिमीटर भरतं. तरीही ढवळायला लागलं, तर नेट लावून खेळत बसू नये. सरळ हेडसेट उतरवावा.