माणगा वेळू कोणत्या घरांतला?

वेळू हें झाड नव्हे, गवत आहे, हें कास्तकारांस नव्यानें सांगावयास नको. भात, ज्वारी, ऊंस यांच्याच भाऊबंदांतला तो. तथापि प्रस्तुत लेखकाची हयात महसुली कारकुनींत गेली, आणि दप्तरांत मात्र वेळू झाडांतच मोजला जात असे. १९२७ च्या वन कायद्यांतील 'झाड' या शब्दाच्या व्याख्येंतच तो घातलेला होता. त्यामुळें स्वतःच्या बांधावरील काठी बाजारीं नेण्यासही पुष्कळ ठिकाणीं पास लागे. एका खातेदाराची दोन गाड्या काठी पासावांचून पावसांत काळी पडलेली मीं पाहिली आहे. उताऱ्यावर वेळूची नोंद नाहीं म्हणून त्याचा अर्ज परत करणारा कारकून मीच होतों.

नोव्हेंबर २०१७ मध्यें अध्यादेशानें व जानेवारी २०१८ मध्यें कायद्यानें त्या व्याख्येंतून वेळू वगळण्यांत आला. वनांतून आणलेल्या वेळूस वनोपजाचे नियम अद्याप लागू आहेत. खाजगी जमिनींतील वेळू मात्र त्या कायद्यापुरता झाड राहिला नाहीं.

शास्त्रज्ञांच्या दप्तरांतही असेच फेरफार झाले आहेत. कोंकणांतील आपला माणगा घ्या. कर्नल विल्यम मन्रो यांनीं १८६८ सालीं वेळूंचा मोठा ग्रंथ रचिला व त्यांत ऑक्सिटेनान्थेरा नांवाची प्रजाति स्थापिली. तिची खूण अशी कीं, फुलांतील पुंकेसरांचे तंतु सुटे न राहतां जुळून त्यांची नळी होते. हिंदुस्थानांतील व आफ्रिकेंतील कित्येक जाति या एकाच घरांत बसविल्या गेल्या. माणगाही त्यांत होता. पण वेळू फुलतो वर्षांनुवर्षांनीं एकदां. फूल हातीं न येतां निवाडा करावयाचा म्हणजे मोजणीवांचून हद्द ठरविण्यासारखेंच! पुढें बारकाईनें तपासणी झाली, तेव्हां हें कुटुंब विभक्त झालें. १९८८ सालीं स्यूडॉक्सिटेनान्थेरा ही नवी प्रजाति निघाली व माणगा कांहीं काळ तेथें राहिला. २००४ सालीं त्यास डेंड्रोकॅलॅमस या प्रजातींत, म्हणजे मानवेलाच्या घरीं, नेण्यांत आलें. मन्रो यांची 'रिचिआय्' ही दुसरी जाति २००८ सालीं वेगळी काढून तिच्या प्रजातीस मन्रोक्लोआ असें त्यांचेंच नांव दिलें गेलें. मूळ घरांत आतां आफ्रिकेंतील एकच जाति उरली आहे. टांझानियाच्या दक्षिण भागांत तिचे कोवळे कोंब छाटून रस धरतात व त्याची उलांझी नांवाची दारू करितात. आपल्याकडील माडीचीच ही बहीण म्हणावयाची.

याचा शेतकऱ्यास उपयोग काय? रोपें विकणारा कोणी चिठ्ठीवर ऑक्सिटेनान्थेरा स्टॉक्सिआय् लिहितो, कोणी स्यूडॉक्सिटेनान्थेरा, कोणी डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सिआय्. तिन्ही चिठ्ठ्या एकाच माणग्याच्या आहेत. नवा वाण समजून जादा पैसे मोजूं नयेत. दुसरें असें कीं, मानवेल व कळक अनेक वर्षांनीं एकदम फुलतात, बीं धरतात आणि बेट वाळून जातें. माणगा क्वचित् फुलला तरी सहसा बीं धरीत नाहीं. तेव्हां माणग्याचें बीं म्हणून कोणी पुडी पुढें केली, तर ती घेऊं नये. लागवड कंदाची अगर कांडीची करावी. बिनकांट्याची, बुडाशीं जवळजवळ भरीव काठी व मोकळें बेट हीं माणग्याचीं लक्षणें. कळकाच्या बेटांत कांट्यांमुळें कोयता घालणेंही कठीण.

त्या खातेदाराचें बेट अद्याप उभें आहे. गेल्या मृगांत त्यांच्याकडूनच चार कंद मागून आणले. त्यांपैकीं तीन जगले आहेत.