गादी जागची हलत नाही

कंबरेतून निघून कुल्ल्यामागून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या कळेला जबलपुरात ‘नस दबली’ किंवा ‘मणक्यांत गॅप आला’ असे म्हणण्याची रीत आहे, आणि तेथील मराठी घरांत त्याच कळेला ‘गादी सरकली’ म्हणतात. परंतु या शेवटच्या शब्दांतून जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते शरीररचनेशी फारसे जुळत नाही. ही गादी, म्हणजे दोन मणक्यांमधील चकती, वरच्या व खालच्या मणक्याला इतकी घट्ट चिकटलेली असते की ती जागची सरकूच शकत नाही. होते ते असे की, तिच्या बाहेरच्या चिवट, तंतुमय कड्याला चीर पडते, आतला मऊ गर त्या चिरेतून मागे डोकावतो आणि पायाकडे निघालेल्या मज्जातंतूच्या मुळाला जाऊन भिडतो. त्या मुळाला दाबाइतकाच त्रास गरातील दाहकारक रसायनांचाही होतो. हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. जी वस्तू सरकली ती कोणीतरी जागेवर बसवून द्यावी, ही अपेक्षा त्या शब्दातूनच जन्मते आणि रुग्णाला प्रथम मालीश करणाऱ्याच्या दारी नेते.

तेथून पुढे तो जबलपुरात नागपूर रस्त्यावरील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात येऊ शकतो; हे महाविद्यालय १९५५ मध्ये सुरू झाले. ज्या शहरासाठी ते उभे आहे, तेथे १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना चालतो, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा आणि लष्करी वाहनांचा कारखाना आला, आणि परिसरातील असंख्य घरांत बायका मांडीवर सूप घेऊन, मान व कंबर वाकवून तेंदूच्या पानांच्या विड्या वळतात. पुढे वाकून बसल्यावर चकतीवरील दाब उभे असतानापेक्षा वाढतो, हे स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून मोजले होते. तरीही अमुक काम केले म्हणून चकती फाटली, असे एका रुग्णाबाबत खात्रीने म्हणणे कठीणच, कारण आनुवंशिकता आणि वय यांचा वाटाही मोठा असतो.

निदानाचे खरे काम यंत्राआधी होते, आणि ते पाहण्यासारखे असते. रुग्णाला टाचांवर चालायला सांगतात, मग चवड्यांवर; टाचांवर तोल जात असेल तर पाचव्या कटिमज्जातंतूकडे, चवड्यांवर उभे राहता येत नसेल तर त्याखालच्या पहिल्या त्रिकास्थी मज्जातंतूकडे संशय वळतो. नंतर त्याला उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलला जातो, आणि साधारण तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान पायात वीज सळसळावी तशी कळ उतरली, तर मूळ ताणले गेले असे मानतात. दुखत नसलेला पाय उचलताना दुखऱ्या पायात कळ आली, तर गर बाहेर आल्याचा पुरावा अधिक भक्कम. घोट्यामागे हातोडी मारून प्रतिक्षेप पाहतात आणि पायाचा अंगठा किती जोराने वर ओढता येतो हे चाचपतात. दोन प्रश्न मात्र चुकता कामा नयेत: मांड्यांमधला भाग बधिर झाला आहे का, लघवी अडते का. उत्तर होकारार्थी असेल तर तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. याशिवाय संध्याकाळचा ताप व घटते वजन यांची विचारपूस होते, कारण आपल्या देशात पाठदुखीच्या आड मणक्याचा क्षयरोग दडलेला असू शकतो.

एवढे झाल्यावरच एमआरआयची पिशवी उघडणे शहाणपणाचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, पाठ मुळीच न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकीही ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या आढळतात, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. म्हणजे अहवालातील ‘झीज’ हा बहुधा पांढऱ्या केसांचाच सोबती. पण तो शब्द वाचून धसका घेतलेला माणूस हालचाल थांबवतो आणि दुखणे आणखी रेंगाळते.

बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, आणि बाहेर आलेला गर, विशेषतः मोठा तुकडा, शरीर स्वतःच शोषून घेऊ लागते. या काळात वेदनाशामक गोळ्या, एक-दोन दिवसांहून अधिक अंथरूण न धरणे, क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम हेच मुख्य उपाय. वजने लावून कंबर ओढणे व पट्टा बांधणे यांची प्रथा मात्र जुनी आहे, जरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये, विशिष्ट कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन कंबरदुखीसाठी, दोन्ही न करण्याचा सल्ला दिला. आयुर्वेद या कळेला गृध्रसी म्हणतो. त्यावरील कटिबस्ती या उपचारात उडदाच्या पिठाचे कडे करून कंबरेवर कोमट तेल धरतात. त्याने आखडलेले स्नायू सैलावतात, चकतीपर्यंत मात्र तेल पोहोचत नाही. मज्जातंतूच्या मुळाशी दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे उसंत देते.

या चकतीमुळे पाय दुखतो आणि ती काढता येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये मांडले. जबलपूरच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यूरोसर्जरी विभागाचे डॉ. वाय. आर. यादव व सहकारी यांनी त्याच शस्त्रक्रियेचे दुर्बिणीतून करण्याचे रूप २०१३ मध्ये नियतकालिकातून मांडले. रुग्ण पालथा असतो. योग्य पातळी क्ष-किरणाने पक्की करतात, कारण शेजारचा मणका उघडणे ही या कामातील कुप्रसिद्ध चूक आहे. छोट्या छेदातून स्नायू न कापता बाजूला सारून नळी बसवतात, मणक्यांमधला पिवळा बंध उघडतात, मूळ हलकेच सरकवतात आणि सैल तुकडा चिमट्याने ओढतात. पडद्यावरील चित्र सपाट असते, भिंग रक्ताने माखते. म्हणून हात तयार व्हायला काळ जातो.

नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ आधी वाट पाहिलेल्यांपेक्षा लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखी होती. म्हणजे शस्त्रक्रियेने बहुधा वेळ विकत मिळतो, आणि ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याला तोच हवा असू शकतो. बोटांचा बधिरपणा कळेमागोमाग जातोच असे नाही, तो महिनोन्‌महिने राहू शकतो. घरी पाठवताना दर अर्ध्या तासाने उठून फिरा, असा सल्ला मिळतो. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते, आणि उठून फिरण्यात जाणाऱ्या वेळेत सुपातली पाने तशीच पडून राहतात.