हात बरबटू द्या

दोन वर्षांच्या आसपासच्या मुलासाठी महागडं ‘सेन्सरी किट’ आणायची गरज नाही; कणकेचा लहानसा गोळा, परातीत बोटभर पाणी, ताटलीत वरणभात एवढं पुरतं. हा निव्वळ काटकसरीचा सल्ला नव्हे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 16 महिन्यांच्या मुलांपुढे सफरचंदाचा गर, पुडिंग, सूप असे पदार्थ बनावट नावं देऊन ठेवले. मुलांनी ते चिवडले, चाखले, उडवलेही. जी मुलं जेवणाच्या उंच खुर्चीत बसून अधिक चिवडत होती, त्यांना नावं अधिक चांगली ओळखता आली. कारण सरळ आहे. पेला आकारावरून कळतो. सूपला स्वतःचा आकारच नसतो, ते हाताला आणि जिभेलाच उमगतं. अर्थात एका अभ्यासावर फार मोठा इमला बांधू नये.

‘अन्नाशी खेळू नये’ हा घरातल्या मोठ्यांचा आक्षेप रास्त आहे, पण लिंबाएवढ्या कणकेने नासाडी होत नाही. खरी काळजी वेगळीच. शेंगदाणे, चणे, वाटाणे या वयात घशात अडकू शकतात, म्हणून ते खेळात नकोतच. कच्ची कणीकही तोंडात जाऊ देऊ नये. बादलीतल्या थोड्याशा पाण्यातही तान्ह्या-रांगत्या मुलाला धोका असतो. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, मोबाइल बाजूला ठेवून, आणि खेळ संपताच पाणी ओतून टाकावं. पसाऱ्याचं म्हणाल तर खाली जुनी चादर अंथरली की झालं.