आज्ञा, ज्ञान आणि सदसद्विवेक : अण्वस्त्रे हाताळणाऱ्या सैनिकाचे कर्तव्य

इ. स. 1962 च्या फेब्रुवारी महिन्यात लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात अण्वस्त्रविरोधी चळवळीतील सहा कार्यकर्त्यांवर खटला चालला. बर्ट्रांड रसेल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'शंभरांची समिती' या संघटनेचे ते पदाधिकारी होते. डिसेंबर 1961 मध्ये वेदर्सफील्ड येथील विमानतळावर धरणे धरून तेथील कामकाज बंद पाडण्याचा बेत त्यांनी आखला होता. त्याबद्दल शासकीय गुप्ततेच्या कायद्याखाली त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. आरोपींपैकी पॅट पॉटल हे स्वतःच आपली बाजू मांडीत होते. विमानदलाच्या वतीने साक्ष देणाऱ्या एअर कमोडोर मॅगिल यांना त्यांनी विचारले की, लक्षावधी माणसांचा संहार होणार हे ठाऊक असतानाही आपण कळ दाबाल काय? परिस्थितीने तशी मागणी केल्यास दाबू, असे उत्तर मिळाले. आरोपींना कारावासाची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी उमरावांच्या सभेने त्यांचे अपील फेटाळले.

हा प्रश्न चळवळीने सैनिकाला विचारलेला होता. पुढे अकरा वर्षांनी त्याच जातीचा एक प्रश्न सैनिकानेच आपल्या वरिष्ठांना विचारला. अमेरिकेच्या विमानदलातील मेजर हॅरल्ड हेरिंग हे व्हिएतनामच्या युद्धात बचावकार्य केलेले अनुभवी अधिकारी होते. 1973 च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावर 'मिनिटमन' क्षेपणास्त्रे सोडण्याचे शिक्षण घेत असता त्यांनी विचारले : आपणास मिळालेली आज्ञा मनाने स्वस्थ असलेल्या राष्ट्राध्यक्षाकडूनच आली आहे, हे कसे ओळखावे? त्यांना शिक्षणवर्गातून काढण्यात आले आणि 1975 मध्ये चौकशी मंडळापुढील सुनावणीनंतर सेवामुक्त करण्यात आले. आज्ञा बजावणाऱ्या अधिकाऱ्याला हे जाणण्याची गरज नाही, ही विमानदलाची भूमिका होती. आपणास ती गरज आहे, हे हेरिंग यांचे म्हणणे होते.

वरवर पाहता हा शिस्तीचा वाद वाटतो. वस्तुतः तो 'जाणणे' या क्रियापदाच्या दोन अर्थांमधील वाद होय. लष्करी व्यवहारात ज्ञान हे शिधावाटपासारखे असते. ज्याला कामापुरते जेवढे लागते, तेवढेच त्याला दिले जाते. नीतिशास्त्रात मात्र ज्ञान ही जबाबदारीची पूर्वअट मानली जाते. आपण काय करीत आहोत हे ज्याला कळत नाही, त्याच्यावर कृत्याचा पुरता दोष ठेवता येत नाही. हेरिंग यांनी दुसऱ्या अर्थाने प्रश्न विचारला आणि त्यांना पहिल्या अर्थाने उत्तर मिळाले.

क्षेपणास्त्र सोडण्याच्या व्यवस्थेत हा भेद अधिक स्पष्ट होतो. भूमिगत कक्षात दोन अधिकारी असतात. आलेल्या संदेशातील सांकेतिक अक्षरे ते आपल्याजवळील मोहोरबंद संकेताशी ताडून पाहतात आणि जुळल्यास दोघे एकाच वेळी आपापल्या किल्ल्या फिरवितात. एकट्याला दोन्ही किल्ल्या फिरविता येऊ नयेत, अशी त्यांची जागा योजलेली असते. या काटेकोर पद्धतीने पडताळले जाते ते आज्ञेचे खरेपण, म्हणजे ती अधिकृत ठिकाणाहून आली की नाही एवढेच. ती विधिसंमत आहे की नाही, हे पडताळण्याची सोय या पद्धतीत नाही. खरी आज्ञा आणि योग्य आज्ञा या दोन भिन्न वस्तू आहेत, हे येथे विसरून चालणार नाही.

कायद्याने हा भेद केव्हाच मान्य केला आहे. न्यूरेंबर्ग खटल्यांनंतर संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 1950 मध्ये जी तत्त्वे सूत्रबद्ध केली, त्यांतील चौथ्या तत्त्वानुसार, नैतिक निवड करणे प्रत्यक्षात शक्य असल्यास, वरिष्ठांच्या आज्ञेने केलेल्या कृत्याचीही जबाबदारी टळत नाही. त्याच वर्षीच्या भारतीय सेना अधिनियमाच्या 41 व्या कलमातही विधिसंमत आज्ञेचाच भंग दंडनीय मानला आहे. 'विधिसंमत' हे एक विशेषण सैनिकाच्या सदसद्विवेकाला कायद्यात जागा करून देते.

परंतु अण्वस्त्रांच्या बाबतीत हे विशेषणच संदिग्ध होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 8 जुलै 1996 रोजी दिलेल्या सल्लामतात अण्वस्त्रांचा वापर किंवा वापराची धमकी 'सामान्यतः' युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असे म्हटले. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच पणास लागले असता स्वसंरक्षणार्थ केलेला वापर बेकायदा ठरेल की नाही, याचा निश्चित निर्णय देता येत नाही, अशी पुस्तीही जोडली. या परिच्छेदावर न्यायाधीशांची मते सात विरुद्ध सात अशी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो संमत झाला. जगातील श्रेष्ठ विधिज्ञांना अनेक महिन्यांच्या विचारानंतरही जे निश्चित करता आले नाही, ते भूमिगत कक्षातील दोघांनी काही क्षणांत ठरवावे, अशी अपेक्षा कोणी कशी करावी?

येथे लोकमान्य टिळकांनी केलेल्या एका विवेचनाचे स्मरण होते. 'गीतारहस्य' (1915) या ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात, सदसद्विवेक ही मनात वसणारी स्वतंत्र देवता आहे, हे मत त्यांनी तपासून अग्राह्य ठरविले. इतर गोष्टींचा निर्णय करणारी जी बुद्धी, तीच बऱ्यावाइटाचाही निर्णय करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मान्य केल्यास एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. देवतेचा कौल क्षणात मिळू शकेल. बुद्धीला मात्र माहिती लागते आणि अवधी लागतो.

सोव्हिएट अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांचे उदाहरण याचीच साक्ष देते. 26 सप्टेंबर 1983 रोजी उपग्रहांवर आधारलेल्या यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याची सूचना दिली. पहिला हल्ला करणारा शत्रू केवळ पाच अस्त्रांनी आरंभ करणार नाही, असा तर्क करून त्यांनी ती सूचना खोटी असल्याचे वरिष्ठांना कळविले, आणि ती खोटीच होती. त्यांचे काम किल्ली फिरविण्याचे नव्हते, वार्ता कळविण्याचे होते. म्हणून त्यांच्या बुद्धीला थोडा तरी वाव मिळाला.

यावरून असे दिसते की, अण्वस्त्रांच्या बाबतीत सदसद्विवेकाची खरी वेळ आज्ञा येण्याच्या क्षणी नसून त्याच्या कितीतरी आधी असते. ती शिक्षणवर्गात असते, आज्ञांचे मसुदे होतात त्या कचेरीत असते, आणि ओल्ड बेलीसारख्या न्यायालयातही असते. प्रश्न विचारणे हेच त्या वेळचे कर्तव्य होय. शांततेच्या चळवळीचे मोल यातच आहे की, जो प्रश्न युद्धकाळी विचारता येणार नाही, तो ती शांततेच्या काळात विचारावयास लावते. नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या सामरिक सेनाविभागाचे तत्कालीन प्रमुख जनरल हायटन यांनी, राष्ट्राध्यक्षांची आज्ञा बेकायदा असल्यास आपण तसे त्यांना सांगू, असे जाहीरपणे म्हटले. राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणाऱ्या सेनापतीला हे म्हणता आले. किल्ली हाती असलेल्या मेजराने तत्पूर्वी चव्वेचाळीस वर्षे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नाही. ज्याच्या हाती अखेरची कृती सोपविली आहे, त्याला ती समजून घेण्याचा अधिकार नाकारल्यास त्याची जबाबदारीही नाकारावी लागेल. आणि मग त्या संहाराला जबाबदार कोण, याचे उत्तर त्याच्यावर आज्ञा सोपविणाऱ्यांनी द्यावयास हवे.